घरातल्या ज्येष्ठांची देखभाल आणि सरकारी मदत: कोणत्या दारी, कोणते कागद घेऊन

आई किंवा वडील अंथरुणाला खिळले की घरात पहिला प्रश्न निघतो, सरकारकडून कुणी माणूस मिळतो का? याचं उत्तर आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढची धावपळ योग्य दिशेनं होते. रोज ठरलेले तास घरी येऊन अंघोळ घालेल, भरवेल, कूस बदलून देईल असा माणूस पुरवणारी सर्वांसाठीची सरकारी योजना महाराष्ट्रात नाही. तशी आशा दाखवून कुणी 'फॉर्म भरून देतो' म्हणत पैसे मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

जे मिळतं ते तुकड्यातुकड्यांत मिळतं. घरी येऊन तपासणारी नर्स आरोग्य विभागाकडून, महिन्याचं अनुदान तहसील कार्यालयातून, वॉकर किंवा कमोड खुर्चीचे पैसे समाजकल्याण विभागाकडून, आणि मुलं बघत नसतील तर निर्वाहभत्ता उपविभागीय अधिकाऱ्याकडून. एका दारी नाव लागलं म्हणून दुसऱ्या दारी ते आपोआप जात नाही. म्हणून घरातल्या एकाच व्यक्तीनं हे काम अंगावर घ्यावं आणि सगळे कागद एका फाइलमध्ये ठेवावेत. चार भावंडांनी चार ठिकाणी विचारपूस केली की तोच दाखला तीनदा काढला जातो आणि अर्ज मात्र एकही पूर्ण होत नाही.

सगळ्यात आधी कागद

पात्र असूनही अर्ज अडकतात ते बहुतेक कागदांतल्या फरकामुळे. आधारवर 'लक्ष्मीबाई', बँकेत 'लक्ष्मी', रेशनकार्डावर 'लक्ष्मण' ही नेहमीची कथा आहे. योजनेकडे वळण्यापूर्वी पुढच्या गोष्टी तपासा.

आधारवरची जन्मतारीख. जुन्या पिढीतल्या अनेकांची तारीख नोंदणीच्या वेळी अंदाजानं घातलेली असते. ७२ वर्षांचं माणूस कागदावर ६८ चं असेल तर ७० वर्षांवरच्यांच्या आरोग्य योजनेत ते बसत नाही, कारण तिथे वयाचा पुरावा म्हणून आधारच चालतं. जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, त्यामुळे हाताशी पक्का पुरावा असल्याशिवाय दुरुस्तीचा अर्ज टाकू नका. चुकीची तारीख चुकीच्याच दुसऱ्या तारखेनं बदलली तर पुढे फार त्रास होतो.

आधारला जोडलेला मोबाइल. ओटीपी तिथेच येतो. बंद पडलेला जुना नंबर जोडलेला असेल तर आधी तो बदला. मुलं परदेशात असतील तर नंबर आईवडिलांच्या हाताशी राहणारा, किंवा रोज त्यांच्याजवळ असणाऱ्या नातेवाइकाचा, भारतातलाच असू द्या.

केंद्रावर नेता येत नसेल तर आधारची नोंदणी आणि दुरुस्ती घरी येऊनही करून देतात. शुल्क पहिल्या व्यक्तीला ७०० रुपये, त्याच पत्त्यावरच्या पुढच्या प्रत्येकाला ३५० रुपये. १९४७ या क्रमांकावर विचारा किंवा आधारच्या विभागीय कार्यालयाला डॉक्टरांचा दाखला जोडून विनंती पाठवा. बोटांचे ठसे झिजलेले असतील तर डोळ्यांच्या बुबुळांनी किंवा चेहऱ्यानं ओळख पटवता येते. ऑपरेटर 'ठसा येत नाही, होणार नाही' म्हणाला तर हे त्याला सांगायचं.

बँक खातं. इथे सर्वाधिक गोंधळ होतो. खात्याला आधार 'लिंक' असणं वेगळं आणि थेट लाभ हस्तांतरणासाठी ते 'सीड' असणं, म्हणजे अनुदान याच खात्यात टाकायचं अशी नोंद असणं, वेगळं. अनुदान आधारच्या आधारे जमा होतं, तेव्हा ते ज्या खात्याला शेवटचं सीडिंग झालं त्या खात्यात जातं, मग अर्जावर तुम्ही कुठलंही पासबुक जोडलेलं असो. 'अनुदान मंजूर आहे पण पैसे येत नाहीत' या तक्रारीत अनेकदा पैसे आलेलेच असतात, फक्त एखाद्या जुन्या, विसरलेल्या खात्यात. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघितलं की कोणत्या बँकेचं नाव आहे ते लगेच कळतं. खातं बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरायचा.

याशिवाय रहिवासी दाखला, रेशनकार्ड, चालू वर्षाचा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आणि आजाराचे कागद तारखेनुसार लावलेले. उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून किंवा 'आपले सरकार' पोर्टलवरून काढता येतो. त्याची मुदत संपली की तो पुन्हा काढावा लागतो, म्हणून इतर कागद तयार झाल्यावर शेवटी काढा.

घरभेट: जी मागितल्याशिवाय मिळत नाही

राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांना आरोग्य कर्मचाऱ्यानं घरी जाऊन भेटावं आणि घरच्यांना देखभाल शिकवावी, हे त्यात उपकेंद्राचं काम म्हणून ठरवून दिलेलं आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांमधून (उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांचं हे नवं नाव) ज्या सेवा द्यायच्या त्यांतही ज्येष्ठांची आणि पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदनाशामक व आधारसेवा येते. या हक्काची मागणीच फार कमी होते. घरात वर्षभर अंथरुणावर असलेलं माणूस उपकेंद्राच्या यादीत नसतं, कारण कुणी सांगितलेलंच नसतं.

सुरुवात आशा ताईंपासून करा. तिशीवरच्या प्रत्येकासाठी त्या एक तपासणी फॉर्म भरतात. त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न असतात: उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का, हालचालीला अडथळा आणणारं अपंगत्व आहे का, रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरतात का. इथे घरचे लोक संकोचानं किंवा सवयीनं 'तसं बरं आहे' म्हणून मोकळे होतात. असं करू नका. संडासला धरून न्यावं लागत असेल तर तेच सांगा. रात्री उठून बाहेर निघून जात असतील तर तेही सांगा. या उत्तरांवरून ज्येष्ठांचे गट पडतात: स्वतः हिंडूफिरू शकणारे, आधारानं चालणारे, आणि अंथरुणाला किंवा घराला खिळलेले. घरभेटीची खरी गरज तिसऱ्या गटात असते, आणि तुमच्या माणसाची नोंद तिथे झाली की नाही हे विचारून घ्या.

नंतर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे एक पानी अर्ज द्या. पान भरून लिहायची गरज नाही. रुग्णाचं नाव, वय, पत्ता आणि खूण; कधीपासून अंथरुणावर; आजार आणि चालू औषधं; लघवीची नळी, नाकातली नळी, जखम यांपैकी काय आहे; घरात देखभाल कोण करतं; आणि शेवटी स्पष्ट मागणी: 'अंथरुणाला खिळलेले ज्येष्ठ म्हणून नोंद करून नियमित घरभेट मिळावी.' डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जोडा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी विनंती कर्मचाऱ्याची बदली झाली की विरून जाते, शिक्क्याची प्रत टिकते. दोन-तीन आठवड्यांत काहीच झालं नाही तर त्याच प्रतीची झेरॉक्स तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्या.

घरभेटीतून काय अपेक्षित आहे? रक्तदाब आणि साखर तपासणं, चालू गोळ्या महिनाभराच्या देणं, जखमेची पट्टी, नळीची पाहणी, गरज पडल्यास वरच्या रुग्णालयात पाठवणं. पण माझ्या मते घरभेटीचा सर्वांत मोठा उपयोग शिकून घेण्याचा आहे. नर्स आली की चहा करायला आत जाऊ नका, शेजारी उभं राहून पुढच्या गोष्टी करून बघा.

कूस बदलणं. पूर्ण अंथरुणावर असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. माकडहाड, टाचा, खुबे या ठिकाणी त्वचा लाल झाली आणि बोटानं दाबून सोडल्यावरही लालीच राहिली, तर ती शय्याव्रणाची सुरुवात असते. त्या जागी मालीश करायची नाही, भार काढायचा. ओढत सरकवलं तर त्वचा सोलवटते. चादर धरून दोघांनी उचलून सरकवायचं.

नळीनं भरवणं. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली हवी आणि भरवल्यावर निदान अर्धा तास तशीच ठेवायची. आडवं असताना भरवलेलं अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो.

लघवीची पिशवी. ती कायम मूत्राशयाच्या पातळीखाली असावी, पण जमिनीला टेकू नये. नळी कधी बदलायची ते तिच्या प्रकारावर अवलंबून असतं, साध्या लॅटेक्सची लवकर बदलावी लागते, सिलिकॉनची जास्त टिकते. घातल्याची तारीख पिशवीवर लिहून ठेवा.

शहरात ही व्यवस्था विरळ आहे. आशा कार्यकर्त्या मुख्यतः वस्त्यांमध्ये काम करतात, सोसायट्यांमध्ये क्वचितच येतात. तिथे महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात थेट जाऊन अर्ज द्यावा लागतो. कर्करोगासारख्या आजारात जिल्हा रुग्णालयातल्या पॅलिएटिव्ह विभागाची चौकशी करा. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाचा पॅलिएटिव्ह विभाग आपल्या रुग्णांसाठी घरभेटीची सेवाही चालवतो.

साध्या सल्ल्यासाठी रुग्णाला उचलून नेण्याची गरज नसते. ई-संजीवनी ॲपवरून सरकारी डॉक्टरांशी व्हिडिओवर मोफत बोलता येतं आणि औषधाची चिठ्ठीही मिळते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत तपासण्या व उपचार निःशुल्क आहेत. ही सवलत वैद्यकीय महाविद्यालयांना आणि महापालिकांच्या रुग्णालयांना लागू नाही, तिथले नियम वेगळे. १०८ ची रुग्णवाहिका तातडीच्या वेळेसाठी आहे. ठरलेल्या तपासणीला नेण्या-आणण्यासाठी ती मिळेल असं धरून चालू नका.

रुग्णालयाचा खर्च: वय वंदना कार्ड

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. त्याचंच कार्ड म्हणजे वय वंदना कार्ड. रक्कम कुटुंबातल्या सत्तरीपुढच्यांची मिळून असते. आजी-आजोबा दोघे असतील तर ५ लाख दोघांत. ज्या कुटुंबाचं आधीच आयुष्मान कार्ड आहे त्यांतल्या सत्तरीपुढच्यांना ही रक्कम वेगळी, वरची मिळते, पण त्यासाठीही नव्यानं केवायसी, म्हणजे ओळख पडताळणी, करावी लागते. जुन्या कार्डावर हा लाभ आपोआप चढत नाही.

आयुष्मान ॲपमध्ये मोबाइल नंबरनं लॉगिन करा, सत्तरीपुढच्यांच्या नोंदणीचा पर्याय निवडा, आधारनं ओळख पटवा, फोटो काढा, कुटुंबाची माहिती भरा. कार्ड तिथूनच उतरवून घेता येतं. ॲप जमत नसेल तर योजनेतल्या रुग्णालयातला 'आरोग्य मित्र' (योजनेचा मदतनीस) किंवा सामायिक सेवा केंद्र हे करून देतं. अडचणीला १४५५५ हा क्रमांक आहे. सीजीएचएस (केंद्रीय कर्मचारी आणि निवृत्तांची), ईसीएचएस (माजी सैनिकांची) अशा सरकारी आरोग्य योजनेत असलेल्यांना दोन्हींपैकी एक निवडावी लागते. ही निवड घाईत करू नका, कारण त्या योजनांमध्ये बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची औषधंही मिळतात. खासगी विमा किंवा ईएसआय (कामगार विमा) असलेल्यांना मात्र ते ठेवून हे कार्डही घेता येतं.

मर्यादा नीट समजून घ्या. हे कार्ड दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. घरची नर्स, डायपर, एअर बेड, महिन्याच्या गोळ्या यांना ते चालत नाही. डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतची औषधं आणि पाठपुरावा पॅकेजमध्ये येतो, आणि तो न मागता क्वचितच मिळतो. डिस्चार्जच्या दिवशी आरोग्य मित्राला भेटून ही औषधं घेऊनच निघा.

७० पूर्ण झाली नसतील तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना बघा. २०२४ पासून ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली आहे आणि संरक्षण ५ लाखांचंच आहे. रेशनकार्ड आणि ओळखपत्र लागतं. चौकशी १५५३८८ वर.

महिन्याचं अनुदान

६५ आणि त्यापुढच्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. जुलै २०२३ पासून रक्कम महिन्याला १,५०० रुपये. दोन गट असतात. दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असलेले गट 'अ' मध्ये. त्यांच्या रकमेत केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेचा वाटा धरलेला असतो. यादीत नाव नाही पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत आहे ते गट 'ब' मध्ये. दोन्हींना महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचं वास्तव्य हवं.

२१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. ही मर्यादा आजच्या काळात फारच तोकडी आहे, आणि खऱ्या गरजू माणसांना ती बाहेर ठेवते. शेतमजुरी करणारा मुलगाही त्यात बसत नाही. म्हातारी जोडी खरोखर वेगळी राहत असेल, स्वतंत्र चूल असेल, तर रेशनकार्डही वेगळं असायला हवं. एकत्र कार्डावर मुलाचं उत्पन्न धरलं जातं आणि अर्ज तिथेच फेटाळला जातो. जे खरं आहे तेच कागदावर आणा. खोटा दाखला जोडला आणि पडताळणीत सापडला तर अनुदान बंद होतंच, दिलेले पैसेही वसूल होतात.

अर्ज तलाठ्यांमार्फत किंवा थेट तहसील कार्यालयाच्या संजय गांधी योजना शाखेत द्यायचा. वयासाठी जन्मनोंदीचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, मतदार यादीतलं वय यांपैकी काहीच नसेल तर ग्रामीण किंवा नागरी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला चालतो. हे अनेक ठिकाणी सांगितलंच जात नाही, आणि शाळेची पायरी न चढलेल्या आजी दाखल्याविना परत जातात. तलाठ्यांच्या चौकशीनंतर तालुका समितीच्या बैठकीत मंजुरी होते. समितीची बैठक लांबली की अर्ज पडून राहतो, म्हणून पोच घेऊन पुढची बैठक कधी आहे ते विचारत राहा.

वय ६५ पेक्षा कमी आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेत अर्ज करा. दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा ५०,००० आहे आणि ऑक्टोबर २०२५ पासून त्यांची रक्कम २,५०० रुपये झाली आहे. पक्षाघातानं एक बाजू गेलेल्या साठीतल्या माणसाला हीच योजना लागू पडते.

दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. माणूस अंथरुणावर असेल तर तलाठ्यांना किंवा बँकेला तसं लेखी कळवा, नाहीतर 'लाभार्थी हजर नाही' म्हणून अनुदान थांबतं.

गोव्यात राहणाऱ्यांसाठी दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे. ६० वर्षांपुढच्यांना महिन्याला २,००० रुपये, आणि गोव्यातलं वास्तव्य १५ वर्षांचं लागतं.

काठी, वॉकर, कमोड खुर्ची

इथे नावांचा घोळ होतो, कारण 'वयोश्री' दोन आहेत.

राष्ट्रीय वयोश्री योजना केंद्राची, २०१७ पासूनची. वय ६०, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड किंवा महिन्याचं उत्पन्न १५,००० च्या आत. यात पैसे नाहीत, वस्तू मिळतात: काठी, कुबड्या, वॉकर, ट्रायपॉड, व्हीलचेअर, श्रवणयंत्र, चष्मा, कवळी, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा वगैरे. ॲलिम्को ही सरकारी कंपनी तपासणी शिबिर घेते, मोजमाप करते आणि नंतर वाटप होतं. तपासणी आणि वाटप यांत बराच काळ जातो, त्यामुळे शिबिरात मिळालेली पावती जपून ठेवा.

मुख्यमंत्री वयोश्री योजना राज्याची, फेब्रुवारी २०२४ मधली. मूळ निर्णयानुसार ३१ डिसेंबर २०२३ रोजी ६५ वर्षं पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत, आणि मागच्या तीन वर्षांत तेच साधन सरकारकडून मोफत घेतलेलं नको. एकदाच ३,००० रुपये खात्यात येतात. साधन घेतल्याचं बिल ३० दिवसांच्या आत द्यावं लागतं, नाही दिलं तर वसुली होऊ शकते. पैसे आले आणि किराण्यात गेले असं अनेक घरांत होतं. गरज कळते, पण बिलाचा नियम आहे. अर्ज जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात.

साधन निवडताना घर बघून निवडा. चार चाकांचा वॉकर उंबरठ्यावर अडतो आणि माणूस पुढे पडतो. व्हीलचेअर घेण्याआधी संडासाच्या दाराची रुंदी मोजा. जुन्या चाळींच्या आणि वाड्यांच्या दारांतून ती आत जातच नाही, तिथे कमोड खुर्चीच कामाची. काठीची मूठ मनगटाच्या रेषेत यावी आणि ती बऱ्या बाजूच्या हातात धरायची.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढणार असाल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात तपासणीला जावं लागतं. पार्किन्सन कायद्याच्या यादीत आहे. पक्षाघात झाल्याबरोबर नेऊ नका. आजार स्थिरावल्याशिवाय टक्केवारी ठरत नाही आणि काही महिन्यांनी परत यायला सांगतात.

सही करता येत नाही तेव्हा

पैसे खात्यात आहेत आणि काढता येत नाहीत, ही अवस्था फार घरांवर येते. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे आजारी किंवा अशक्त खातेदाराला अंगठ्याचा, तोही जमत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा देऊन पैसे काढता येतात. दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. सत्तरीपुढच्यांना आणि दिव्यांगांना रोख रक्कम, चेक, हयातीचा दाखला यांसाठी घरपोच सेवा द्यावी असंही २०१७ मध्ये बँकांना कळवलेलं आहे, शुल्क बँकेप्रमाणे. शाखेत 'असं काही नसतं' म्हणाले तर व्यवस्थापकांच्या नावे लेखी अर्ज द्या.

निवृत्तिवेतनधारकांना जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचं डिजिटल प्रमाणपत्र, घरूनच देता येतं. चेहरा ओळखणारं आधारचं ॲप आणि जीवन प्रमाण ॲप, दोन्ही मोबाइलवर हवीत. चेहऱ्यावर उजेड समोरून पडू द्या, मागे खिडकी नको. ८० पुढच्या केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना ऑक्टोबरपासूनच ते देता येतं. मोबाइल जमत नसेल तर पोस्टमन घरी येऊन ७० रुपयांत करून देतो. आणखी एक: केंद्राच्या निवृत्तिवेतनात ८० पूर्ण झाल्यावर २० टक्के, ८५ ला ३० टक्के, ९० ला ४० टक्के अशी वाढ असते. वय चुकीचं नोंदलेलं असेल तर ती लागत नाही, बँकेकडून तपासून घ्या.

विस्मरणाच्या आजाराची सुरुवात असेल तर बँकेचं काम आत्ताच मार्गी लावा, 'दोघांपैकी कोणीही' पद्धतीचं संयुक्त खातं करून घ्या. मुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं, असं लोक समजतात. आपल्याकडे लिहून देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारपत्राचाही अंमल संपतो. त्यानंतर पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयात जावं लागतं.

माणूस ठेवावा लागला तर

ब्यूरोतून येणारी मावशी किंवा ब्रदर ठेवताना ओळखपत्र, पोलीस पडताळणी आणि प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मागा. नर्सिंगचं काम, म्हणजे इंजेक्शन किंवा नळी घालणं, हे नोंदणीकृत नर्सचंच काम आहे. साध्या मदतनिसाकडून ते करून घेऊ नका. एकटे ज्येष्ठ राहत असतील तर जवळच्या पोलीस ठाण्यात ज्येष्ठ नागरिक म्हणून नोंद करून ठेवा.

मुलं बघत नसतील तर

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम २००७ चा आहे. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या निर्वाह न्यायाधिकरणात साधा अर्ज करता येतो. ज्येष्ठ स्वतः येऊ शकत नसतील तर त्यांनी नेमलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. महिन्याला कमाल १०,००० रुपयांचा आदेश होऊ शकतो, आणि निकाल लागेपर्यंत अंतरिम रक्कमही मागता येते. ती मागणी पहिल्याच अर्जात लिहा. नोटीस मिळाल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे, अपवादानं आणखी ३०. मूल नसेल तर मालमत्ता ज्याला मिळणार त्या नातेवाइकावर जबाबदारी येते. निकालाविरुद्ध ६० दिवसांत अपील करता येतं.

आदेश झाल्यावर मुलानं रक्कम थांबवली तर वाट बघत बसू नका. थकलेल्या रकमेच्या वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत द्यावा लागतो. 'दिवाळीपर्यंत देतो' या शब्दावर ही मुदत निघून जाते.

घर मुलाच्या नावे करण्याचा विचार असेल तर बक्षीसपत्रात सांभाळ करण्याची अट स्पष्ट लिहून घ्या. याच कायद्याच्या कलम २३ खाली सांभाळ न केल्यास हस्तांतरण रद्द करता येतं, पण सर्वोच्च न्यायालयानं २०२२ च्या निकालात अशी अट असण्याला महत्त्व दिलं. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयानं ज्येष्ठांच्या बाजूनं उदार अर्थ लावला, तरीही अट कागदावर असलेली केव्हाही बरी. नोंदणीच्या दिवशी मुलाला वाईट वाटेल म्हणून ती ओळ गाळली जाते. वकिलांना ती मसुद्यातच घालायला सांगा.

यांपैकी कुठल्या दारी जायचं तेच कळत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची एल्डर लाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८. फोन करण्याआधी गाव, तालुका, वय, उत्पन्न आणि आतापर्यंत कोणत्या कार्यालयात कोणत्या तारखेला अर्ज दिला हे कागदावर लिहून घ्या.